कण्हेरीले पाणी कमी, कैची जास्त

बापू, दत्तापूरकडं घर बांधलं तू, दारात गुलाब अन् मोगरा लावला, अन् मे महिन्यात बोअर आटली तशी दोन्ही वाळून कोळ झाली. आता मले विचारतो, काका, काय लावू? कण्हेर लावजो. आपल्याकडं पारा 45 च्या घरात गेला तरी ती फुलते.

तिचं पान उलटं करून पाय. मागच्या बाजूले बारीक खळगे असतात, अन् पानाची श्वासाची छिद्रं त्या खळग्यात, लवेखाली लपलेली असतात. वारा लागत नाही म्हणून ओल उडत नाही. तिले उन्हाची भीती नाही, भीती आहे आपल्या मायेची. माही पहिली कण्हेर मीच मारली. रोज संध्याकाळी बादलीभर पाणी! आपली काळी माती पाणी धरून बसते, त्यात मुळं कुजली अन् श्रावणातच पानं पिवळी पडून झाड गेलं.

म्हणून दोन फूट खड्डा करजो, त्यात अर्धी माती, अर्धा मुरूम, वरून दोन घमेली कुजलेलं शेणखत. झाड जमिनीबरोबर लावू नोको, वीतभर उंच वरंब्यावर लावजो म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी तुंबत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण मुरेपर्यंत पाणी. रोज तांब्या-तांब्या दिलं तं मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून पंधरा दिवसांनी दिलं तरी चालते. युरिया तं दाखवूच नोको, नुसता पाला माजतो अन् मावा चढतो.

विकत कायले आणतो? पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घेजो, खालची पानं काढून बाटलीत पाण्यात, सावलीत ठेवजो. पाणी बदलत राहिला तं महिन्याभरात मुळं सुटतात. फक्त ते पाणी गुरांच्या हौदात ओतू नोको.

कैचीचं मात्र ऐकजो. फूल येते नव्या फुटीच्या शेंड्यावर. न कापलेली कण्हेर वर वर जाते, खाली नुसत्या काड्या, अन् फुलं शेजाऱ्याच्या गच्चीवर. थंडी ओसरली की माघात तिसरा हिस्सा उंची कमी करजो, बुडातले नको ते फुटवे उपटजो. तुह्या काकूले जीवावर येते. चैत्रात तीच परडी घेऊन महादेवाले निघते.

कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा दिसला तं घाबरू नोको. पाण्याचा जोरात फवारा, नाहीच गेला तं साबणाचं पाणी. ढालकिडे दिसले तं तेही नको, ते मावा खातात. कधी बोटाएवढा हिरवा सुरवंट दिसेल, अंगावर निळे डोळे काढल्यासारखे. त्याले राहू दे. त्याचा पुढं हिरव्या नक्षीचा पतंग होते, अन् चार पानं गेल्यानं कण्हेर मरत नाही. अणुबॉम्ब पडल्यावर हिरोशिमात लवकर फुललेली हीच; त्या शहराचं ते मानाचं फूल आहे.

आता कान इकडं दे. पान, फूल, काडी, चीक, सगळं विषारी, हृदयावर जाते. शेळी तोंड लावत नाही, म्हणून तं हायवेच्या दुभाजकावर हीच लावतात. पण वाळलेला पाला कुटारात मिसळला तं जनावराले कळत नाही. छाटणी जाळू नोको, धूरही वाईट, खड्ड्यात पुरजो. कापून झाल्यावर हात धुजो. अन् पिवळ्या फुलाची बिट्टी वेगळं झाड, तीही तेवढीच विषारी. आम्ही तिच्या बियांनी खेळलो, तुह्या पोराले खेळू देऊ नोको. कोणी चुकून खाल्लंच तं ताक-तूप पाजत बसू नोको, थेट दवाखाना.

आषाढात ये. पांढरीच्या अन् गुलाबीच्या दोन-दोन फांद्या काढून ठेवतो. कैची तुही आणजो, माहीची धार गेली.