लाल मुनियेच्या नावाचा अर्थ

विणीच्या काळात लाल मुनियेचा नर तांबडाभडक होतो व त्याच्या अंगावर पांढरे ठिपके शोभू लागतात. मात्र ‘अमंडावा अमंडावा’ या तिच्या शास्त्रीय नावात रंगाचा निर्देश नाही. ‘अमंडावा’ हा ‘अहमदाबाद’ या शब्दाचा अपभ्रंश होय. पूर्वी त्या शहरातून हे पक्षी पिंजऱ्यांत घालून परदेशी पाठवीत. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्ये जातीला हे नाव दिले; पुढे वंशासही तेच मिळाले. गवताळ, पाणथळ रानात राहणाऱ्या पाखराच्या नावात त्याचे घर नाही, बाजारपेठ आहे. आज भारतात त्याला पकडणे व विकणे कायद्याने निषिद्ध आहे. शिक्षकांनी नाव पाठ करून घेण्यापूर्वी त्यामागील पिंजरा मुलांस समजावून द्यावा.