हाराल्ड आणि हॅरॉल्ड एकच का?

प्रश्न : मोबाइलमधल्या ब्लूटूथला हाराल्ड नावाच्या राजावरून नाव मिळालं, असं वाचलं. हाराल्डचा अर्थ काय? इंग्रजांचं हॅरॉल्ड हेच का?

उत्तर : हो, दोन्ही एकच. हे नाव दोन तुकडे जोडून झालंय. पहिल्याचा अर्थ सैन्य, दुसऱ्याचा सत्ता किंवा सत्ता चालवणारा. आपल्या ‘सेनापती’च्या जवळपास जाणारी ही जोडणी. पण नाव ठेवलं म्हणून पोरगं पुढे फौजा हाकेलच, असं काही नव्हतं. जुने जर्मानिक लोक असे ठरावीक तुकडे जुळवून नावं पाडत. हेच दोन तुकडे उलटे लावले की ‘वॉल्टर’ होतं!

नाव व्हायकिंगांच्याही आधीचं आहे. इ.स. १६ मध्ये रोमनांच्या बाजूने लढताना पडलेल्या बटाव्हियन या जर्मानिक टोळीच्या एका सरदाराचं नाव रोमन इतिहासकार टॅसिटस ‘कारिओवाल्डा’ असं देतो. हे हाराल्डचंच जुनं रूप.

ब्लूटूथवाला हाराल्ड दहाव्या शतकातला, डेन्मार्कचा. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने उभारलेली शिळा येलिंग गावात आजही आहे. डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकल्याचं, डेन लोकांना ख्रिस्ती केल्याचं त्याने त्यावर रून लिपीत कोरून घेतलंय. ‘निळा दात’, म्हणजेच ‘ब्लूटूथ’, हे टोपणनाव मात्र तो गेल्यानंतर बऱ्याच काळाने, बाराव्या शतकातल्या लिखाणात सापडतं. वेगवेगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या तंत्रासाठी, माणसं एकत्र आणणाऱ्या या राजाचं नाव १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कारडॅक यांनी सुचवलं. ब्लूटूथचं चिन्ह नीट पाहा : राजाच्या आद्याक्षरांची, ‘ह’ आणि ‘ब’ची, दोन रून अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत.

नातवाला आजोबांचं नाव देण्याची रीत तिकडेही होती. या हाराल्डचा नातू हाराल्ड डेन्मार्कच्या गादीवर बसला आणि पणतू हॅरॉल्ड थेट इंग्लंडच्या. डेन घराण्यांबरोबर नाव इंग्लंडमध्ये असं रुजलं की १०६६ च्या सप्टेंबरमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत दोन्ही बाजूंचे राजे एकाच नावाचे निघाले. चाल करून आलेला नॉर्वेचा हाराल्ड हार्डराडा तिथे पडला. जिंकलेला इंग्लंडचा हॅरॉल्ड गॉडविन्सन, ज्याची आई डॅनिश होती, तोही तीन आठवड्यांच्या आत हेस्टिंग्जला मारला गेला.

नॉर्वेत हे नाव अजून चालतं. १९९१ मध्ये गादीवर आलेले राजे हाराल्ड पाचवे. आइसलँडमध्ये त्याचं ‘हाराल्दुर’ होतं. आणि नॉर्वेच्या कुणा हाराल्डला हाक मारायची वेळ आलीच, तर शेवटचा ‘ड’ गिळून ‘हारल’ म्हणा. तिकडे तसंच म्हणतात.