म्हातारी मांजर रात्री का ओरडते?

प्रश्न : आमची मनी तेरा वर्षांची आहे. हल्ली मध्यरात्री उठून मोठमोठ्याने ओरडते. खाणं वाढलंय, तरी वाळत चाललीये. घरचे म्हणतात, लाडावलीये. काय करावं?

उत्तर : लाडाचा इथे संबंध दिसत नाही. खाणं वाढूनही वजन घटतंय, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ. उतारवयात मांजरांची थायरॉइड ग्रंथी अनेकदा गरजेपेक्षा जास्त काम करू लागते. मग भूक वाढते, जीव अस्वस्थ होतो, रात्री ओरडणं सुरू होतं. रक्तातल्या टी-४ या थायरॉइड संप्रेरकाच्या तपासणीत ते बहुधा कळतं आणि मेथिमाझोलच्या गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतं. साखर, किडनी आणि रक्तदाबही तपासून घ्या. रक्तदाब फार वाढला तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

सगळं ठीक निघालं, तर बहिरेपणा किंवा म्हातारपणातला गोंधळ असेल. मग खोलीत मंद दिवा ठेवा, झोपण्याआधी खेळवा आणि खेळानंतरच जेवण द्या. ओरडली की उठून खाऊ देण्याची सवय मात्र लावू नका. रागावून तर काहीच साधत नाही.

घरातली कुठलीही गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांसाठी जीवघेणं असतं. याच आठवड्यात तिला पशुवैद्यांकडे न्या.