हातकागद आणि पार्श्वभूमीचा पोत

भेटकार्ड असो, वहीचे वेष्टन असो वा कोलाज असो, कागदकामात पार्श्वभूमी बहुधा शेवटी, उरलेली जागा भरण्यापुरती केली जाते. परंतु पोत हा रेषा व रंग यांच्याइतकाच रचनेचा मूलघटक होय. त्याचा विचार आरंभीच व्हावयास हवा.

या विचारास परंपरा आहे. युरोपातील पुस्तकबांधणी करणारे अठराव्या शतकात खळीत रंग मिसळून, फणीने रेघा ओढून वेष्टनाचे कागद सजवीत. १९१२ मध्ये पिकासो व ब्राक यांनी चित्रात कागदाचे तुकडे चिकटविले. १९२५ मध्ये माक्स अर्न्स्ट याने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून, वर शिसपेन्सिल घासून फळीचा पोत उतरविला.

आपल्याकडे पुण्याची हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद चिवट असतो, ओल सोसतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र लाकडातील लिग्निनमुळे उन्हात लवकर पिवळा पडतो. टिकाऊ कामात त्याचा वापर जपूनच करावा.

आता कृती पाहू. प्रथम कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला, तर कागदास सरस कमी आहे असे समजावे व पातळ खळीचा एक हात देऊन वाळवावे. कागद पुठ्ठ्यावर चिकटवावयाचा असल्यास मागील बाजूसही तेवढाच कागद लावावा. ओला कागद फुगतो व वाळताना आकसतो. एकाच बाजूस ओढ बसली की पुठ्ठा वाकतो.

खळीसाठी एक वाटी मैदा सहा वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळावा. थंड झाल्यावर त्यात पोस्टर रंग मिसळून कागदावर पसरावा व ओला असतानाच पुठ्ठ्याच्या दातेरी तुकड्याने रेघा ओढाव्यात. कसर लागू नये म्हणून बांधणीकार खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने हात व भांडी यांबाबत दक्षता घ्यावी.

अधिक उठाव हवा असल्यास चुरगाळलेला पतंगाचा कागद, मलमल किंवा चाळलेली वाळू पांढऱ्या गोंदाने बसवावी. पूर्ण वाळल्यावर पातळ रंगाचा हात द्यावा व उंचवट्यांवरचा रंग फडक्याने टिपावा. खळग्यांत रंग राहतो आणि पोत स्पष्ट होतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग केवळ उंचवट्यांवर फिरवावा. मेणबत्तीने आकृती काढावयाची असेल, तर ती जलरंगापूर्वी काढावी. मात्र मेणावर गोंदही धरत नाही, म्हणून मुख्य आकार चिकटविण्याची जागा मोकळी सोडावी.

राहिला प्रश्न प्रमाणाचा. वाळू, मलमल, मेण, फणी हे सारे एकाच कार्डावर आले की डोळा कोठेच स्थिरावत नाही. मुख्य आकार नाजूक असेल, तर त्याच्यामागे शांत पोत ठेवावा. आकार सपाट व मोठा असेल, तर खरखरीत पोत शोभतो. काम हातभर अंतरावर धरून पाहावे. प्रथम पार्श्वभूमीच नजरेत भरली, तर त्यातील एक थर कमी करावा. चिंध्यांच्या कागदास स्वतःचा पोत असतोच. पुष्कळदा तो तसाच राहू देणे हीच उत्तम पार्श्वभूमी ठरते.