संकटापूर्वीची शिदोरी : साठवण आणि साठेबाजी

दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये इजिप्तच्या राजाचे स्वप्न येते : सात धष्टपुष्ट गायींना सात रोडक्या गायी खाऊन टाकतात. हजरत यूसुफ (अ.) यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितलाच, शिवाय उपायही सांगितला. सात वर्षे नेटाने शेती करावी आणि खाण्यापुरते वगळून उरलेले धान्य कणसांतच राहू द्यावे (१२:४७). टरफलातला दाणा अधिक काळ टिकतो. अल्लाहचे पैगंबर धान्य कसे टिकवावे हेही सांगतात, यातच आपल्यासाठी बोध आहे.

काही बांधव म्हणतात, "तवक्कुल असताना साठवण कशाला?" प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट आधी बांधण्याची आणि मग अल्लाहवर भिस्त ठेवण्याची शिकवण दिली (तिर्मिजी). आपल्या कुटुंबासाठी ते वर्षभराचे धान्य राखून ठेवीत, असे सहीह बुखारीत नमूद आहे. साधन जमवणे हा तवक्कुलचाच भाग होय.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले. त्याच पावसात कोकणातील आमच्या वस्तीतील कुटुंबे मशिदीच्या माडीवर आली. तांदळाची पोती तळमजल्यावर ठेवण्याचा निर्णय माझा होता. ती सर्व भिजली. माडीवर चूलही नव्हती. एका वृद्ध खालाजानने डब्यातून खजूर, फुटाणे आणि गूळ आणला होता. त्या रात्री मुलांच्या पोटात गेले ते तेवढेच. त्या डब्याने मला जे शिकवले, ते येथे मांडतो.

साठा नेहमी वरच्या मजल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावा. शिजवावे न लागणारे पदार्थ आधी घ्यावेत : खारीक, खजूर, फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, पोहे, सातूचे पीठ. तांदूळ, डाळ, मीठ, तेल त्यानंतर. पावसाळी हवेत गूळ पाझरतो, म्हणून तो हवाबंद असावा. सर्वांत महत्त्वाचे पिण्याचे पाणी; महापुरात चहूकडे पाणी असते, परंतु पिण्याजोगे नसते.

औषधांविषयी दोन शब्द. मधात लोकांसाठी शिफा असल्याचे कुरआन सांगतो (१६:६९) आणि कलौंजीचे महत्त्व हदीसमध्ये आले आहे. दोन्ही जरूर ठेवावीत. सुंठ आणि हळदही ठेवावी. मात्र एक वर्षाखालील बालकाला मध देऊ नये, ते त्याच्यासाठी घातक ठरू शकते. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला, तर काढ्यावर दिवस काढू नयेत; तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या हाताशी असाव्यात. उपचार घ्या, ही प्रेषितांचीच (स.) आज्ञा आहे.

आता मूळ प्रश्न. साठवण आणि साठेबाजी यांत फरक काय? टंचाईच्या काळात भाव चढावेत म्हणून माल अडवून ठेवणे म्हणजे 'इहतिकार'. असे करणाऱ्यास सहीह मुस्लिममधील हदीसने गुन्हेगार म्हटले आहे. म्हणून खरेदी पावसाळ्यापूर्वी, बाजारात मुबलकता असताना करावी. पूर येत असताना दुकाने रिकामी करणे म्हणजे शेजाऱ्याचा घास उचलणे होय. पावसाळा सरला की उरलेला साठा खराब होण्याआधी गरजूंच्या घरी पोचवावा.

मशिदीतील साठा सदका व देणगीतून भरावा. जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत (९:६०), आणि पुरात आश्रयाला कोणीही येऊ शकतो. त्या रात्री माडीवर शेजारची हिंदू कुटुंबेही होती. खालाजानने खजूर वाटताना कोणाचे नाव विचारले नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) दिलेल्या इशाऱ्यात शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही. अशअरी कबिल्याचे लोक अन्न कमी पडले की प्रत्येकाजवळचे एका कापडावर एकत्र करीत आणि समान वाटून घेत. "ते माझे आहेत आणि मी त्यांचा आहे," अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी काढले.

आपल्या घरातील डबा कुलपासाठी भरायचा की त्या कापडासाठी, हे संकट येण्यापूर्वीच ठरवावे लागते. अल्लाह तआला आपणा सर्वांना दूरदृष्टी आणि उदार हात प्रदान करो. आमीन.