मावळातील जुनी वाट आणि दात्यांची नावे

कार्ल्याची लेणी पाहायला आपले लोक मोठ्या श्रद्धेने जातात. पण ती नेमकी याच डोंगरात का कोरली, असे विचारणारे थोडेच. त्याचे उत्तर जुन्या वाटेत आहे.

कल्याण, सोपारा या बंदरांतून मालाचे तांडे बोरघाट चढून मावळात येत आणि देशावर जात. या वाटेच्या आसपास भाजे, बेडसे, कार्ले ही लेणी झाली. भाज्याची सुरुवात इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील. भिक्खूंना भिक्षेसाठी वस्ती हवी, ध्यानासाठी एकांत हवा. वाटेपासून थोडे वर, डोंगरात, दोन्ही साधत असे.

इतिहासकार दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) यांनी मावळ पायी हिंडून अशा वाटा शोधल्या. बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. देवींची जुनी ठाणी, दगडी हत्यारांच्या कपच्या आणि लेणी यांचा मेळ घालून त्यांनी दाखवले की, आदिम माणसाच्या पाऊलवाटांवरूनच पुढे व्यापार चालला.

गेल्या हिवाळ्यात मी व माझा एक शिक्षकमित्र त्यांचा माग घेत दोन दिवस चाललो. कामशेतला उतरून बेडसे, मग भाजे, शेवटी कार्ले. शिलालेखांचे छापील वाचन बरोबर होते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने दगडावरची अक्षरे शोधायची.

बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याचे दान आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दाता भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा. एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा भाणक, म्हणजे धम्मवचनांचे पठण करणारा भिक्खू. दाराशी धेनुकाकटचा सुतार सामी व सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त यांची नावे आहेत. कित्येक खांब यवनांनी दिलेले आहेत. ही गावे नकाशावर मांडा, जुनी वाट आपोआप उमटेल.

उषवदाताने येथील भिक्खूंना गाव दान दिले, हे खरे. परंतु खांबांवर नावे आहेत ती बहुतेक साध्या उपासकांची. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली असे कोणी सांगू लागले, तर त्याला सामी सुताराचे नाव दाखवावे.

बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी लेण्यांवर जाताना मुलांच्या हाती वही द्या. दोघादोघांची जोडी करा. दात्याचे नाव, त्याचे गाव, त्याचा धंदा, एवढे तीन रकाने त्यांनी भरावेत. घरी आल्यावर ते सर्वांना वाचून दाखवावेत.