आधी माणूस नेम, मग कुदळ मार

अगं, घर बांधायला काढलंस खरं, पण गवंडी एक सांगतो, प्लंबर दुसरं आणि सासरे तिसरंच. तुझी झोप उडाली नाही तरच नवल! पण खरं सांगू का, बांधकाम शिकत बसायची तुला काही गरज नाही. या सगळ्यांची मोट बांधणारा एक जाणता माणूस नेम, म्हणजे झालं.

विलायतेत त्याला प्रिन्सिपल डिझायनर म्हणतात. तिथल्या 2015 च्या नियमांनुसार कामावर एकाहून जास्त ठेकेदार असले की असा माणूस लागतोच. कुणाला कुठे इजा होईल ते कुदळ पडायच्या आधीच हुडकून नकाशातच टाळायचं, हे त्याचं काम. आपल्याकडे तसं पद नाही. महाराष्ट्राच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या जबाबदाऱ्या आहेत, पण सगळ्यांचा मेळ घालणं मालकाच्याच गळ्यात येतं. म्हणून हा मेळ मीच घालीन, असं तुझ्या आर्किटेक्टकडून लेखी घे. फी थोडी वाढेल. घासाघीस करायचीच तर टाईल्सवर कर, इथे नको.

आता बघ, धर्माबादकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया किती खोल न्यायचा ते माती तपासून इंजिनिअर ठरवेल. पण खड्डा खोल गेला की कडा ढासळते, आणि आत कुणाचं तरी लेकरू राबत असतं गं. म्हणून आर्किटेक्टला विचार: खोदाई पावसाळ्याआधी उरकेल ना? काढलेली माती काठापासून लांब टाकणार ना? उतरायला शिडी आहे का? गच्चीवरची टाकी धुवायला माणूस कुठून चढणार, त्याला धरायला कठडा आहे का? बाथरूमच्या पाइपची वाट स्लॅब भरायच्या आधीच ठरव. मागाहून बीमला छिन्नी अजिबात लावू द्यायची नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

आधी विचार केला नाही तर काय होतं, ते किल्लारीच्या भूकंपाने दाखवलं; 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट आपल्या भागात कोण विसरेल? दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. बांधणारे हात कसबी होते, पण जमीन हादरली तर काय, हा विचार बांधताना झालाच नव्हता.

घाबरू नकोस बाई. मिरचीचे व्यवहार चोख सांभाळतेस, हेही जमेल तुला. आखणीच्या आधी आर्किटेक्ट, इंजिनिअर, गवंडी, प्लंबर सगळ्यांना एकाच नकाशाभोवती बसव. सासऱ्यांनाही बोलाव, त्यांचं म्हणणं तिथेच निघू दे. ठरलं ते लिहून सह्या घे, आणि त्यानंतरच ठेकेदाराला उचल दे.